आबांच्या दातांचा उतारा

दत्तूआबांना ‘बरं हाय का?’ असं विचारू नये. ते तोंड उघडून दाखवतात.

आमच्या इस्लामपुरात हे आता सगळ्यांना माहीत झालं आहे, नवखा माणूस मात्र फसतो. परवा गल्लीत मयत झाली होती. तिरडी बांधायचं चाललं होतं. बाहेरगावचे एक पाहुणे रीत म्हणून हळू आवाजात आबांना म्हणाले, "बरं हाय का?" आबांनी जागच्या जागी जबडा उघडला, करंगळीनं खालचा ओठ ओढला आणि तसल्याच तोंडानं सुरुवात केली, "ह्यो आडसाली. ह्यो सुरू. ह्यो कडंचा खोडवा, त्याची सूज परवाच उतारली." पाहुणा रडायचा थांबला आणि वाकून बघायला लागला. त्याच्या मागे आणखी दोघं वाकले. मी आबांना दंडाला धरून बाजूला घेतलं, म्हणून ती मयत वेळेवर उचलली गेली.

मी बाबालाल. जुनी इंजिनं, पाण्याच्या मोटारी घ्यायच्या, खोलून नीट करायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. सौदा करताना माझा आवाज चढतो, हे खरं आहे. पण आवाज चढवल्याशिवाय समोरचा किती पाण्यात आहे हे कळत नाही, असा माझा अनुभव. आबांची आणि माझी भिंत एक आहे आणि आबांवर माझा राग होता. तो का, ते सांगतोच, पण आधी माणूस सांगतो.

आबा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. शिवारात फिरायचं आणि कुणाचा ऊस तोडीला आलाय ते सांगायचं, हे काम. त्यासाठी खात्यानं हातात धरायचं एक यंत्र दिलं होतं. आबांनी ते कधी पिशवीबाहेर काढलं नाही. फडात शिरायचं, मधलं कांडं मोडायचं, दातानं सोलायचं, चावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "उतारा चांगला हाय. पंधरा दिसांनी तोडा." उसातून साखर किती निघणार, त्याला उतारा म्हणतात. यंत्र चुकायचं, आबांचे दात चुकायचे नाहीत.

त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट आबा उताऱ्यावर मोजतात. पुढाऱ्याचं भाषण ऐकून म्हणतात, "पाणी लय, उतारा कमी." गल्लीतल्या मुलीला स्थळ आलं की मुलगा बघून येतात आणि सांगतात, "उंच हाय, पर उतारा न्हाई." माझ्याबद्दलही त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलंय, "बाबालालची पाचट लय टोचती. आत उतारा बरा हाय." पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. ही स्तुती की निंदा, मी अजून ठरवलेलं नाही.

पण दात ते दात. नोकरीभर ऊस सोलून ते झिजले, किडले, हलायला लागले. खात्यानं सायकल दिली, छत्री दिली, दात काही दिले नाहीत. आबांची बायको, म्हणजे आमच्या काकी, होत्या तोवर त्या भाकरी दुधात कुस्करून द्यायच्या. त्या गेल्या आणि आबा चहात बुडवलेल्या बटर-बिस्किटावर आले.

मला बघवेना. मी मिरजेत एक डॉक्टरीणबाई गाठल्या. हात चांगला, पण सात फेऱ्या माराव्या लागतील म्हणाल्या. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला एसटीत सात वेळा घुसळायचं काय? त्या पाचवर आल्या. मी उठून दारापर्यंत गेलो. त्या तीनवर आल्या. मी शब्द दिला, दिवाळी झाली की माणूस आणतो. बाबालालचा शब्द म्हणजे मोटारीला बसवलेला नट. पाना लावल्याशिवाय सुटत नाही.

आणि आबा बँकॉकला गेले.

त्यांची एकुलती एक लेक वैशाली तिकडं असते. जावई मोठ्या हॉटेलांतली स्वयंपाकघराची यंत्रं बसवतो. वैशूला बाळ झालं, बारशाला आबांना नेलं, दोन महिने ठेवून घेतलं. तिथं रस्त्यावर सोललेल्या उसाचे तुकडे पिशवीत घालून विकतात म्हणे. आबांना त्या पिशवीचा अपमान वाटला. त्यांनी खुणेनं अख्खा ऊस मागितला, बाजारात उभं राहून दातानं सोलायला घेतला, आणि पुढचे दोन दात उसातच राहिले. उतारा कळायचा राहून गेला, याचं दुःख ते आजही सांगतात.

वैशू त्यांना तिथल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं खालचे उरलेले हलते दात काढले, जबड्यात चार स्क्रू बसवले, त्यावर तात्पुरते दात ठेवले आणि सांगितलं, चार महिने हाड स्क्रूला धरू दे, मग कायमचे दात बसवू.

आबा परत आले ते तीन गोष्टी घेऊन. एक दात. दोन, बँकॉकच्या वेळेवर लावलेलं घड्याळ, जे आपल्यापुढं दीड तास पळतं आणि आबा ते बदलत नाहीत. तीन, एक वाक्य. चहाच्या गाड्यावर, कटिंगच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं ते एकच, "मिरजंत हे काम हुत न्हाई."

मिरजेत! कर्नाटकातनं माणसं गाड्या भरभरून दुखणी घेऊन जिथं येतात, दर दुसऱ्या दाराला जिथं दवाखाना आहे, तिथं चार स्क्रूवर दात बसत नाहीत? माझा शब्द गेला तो गेलाच, वर गावभर हे. हा माझा राग.

पण राग वेगळा, शेजार वेगळा. दात तिकडं बसवले तरी निगा इकडंच राखायची होती आणि ती माझ्या गळ्यात पडली. वैशूनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद आबांनी मांडणीशेजारी चिकटवला आहे. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, पण खळखळून नाही. मऊ ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू दिसावं असला एक बारका ब्रश, तो स्क्रूच्या भोवती फिरवायचा. कडक काही चावायचं नाही. खाली दोन रेघा ओढून लिहिलंय, ‘ऊस नाही. आबा, ऊस नाही.’

चार स्क्रूंना आबांनी उसाच्या लागणीची नावं दिली. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, तो जरा अशक्त असतो. तसा हा डावीकडचा चौथा स्क्रू. सकाळी भिंतीपलीकडनं आवाज येतो, "बाबालाल, आज खोडवा ठणकतोय रं!" माझी बायको शमशाद त्यांना मऊ खिचडी, बारीक कुटलेली शेंगाची चटणी पाठवते. ईदला शिरखुर्मा गेला, तर पातेलं परत देताना आबा म्हणाले, "असं रोज असतं तर दात कशाला बसवलं असतं गं?"

खरी पाहणी दर शनिवारी. सकाळी सात वाजता आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यावर उजेडाला बसतात. आबांचा हात कापतो, म्हणून फोन मी धरायचा. डाव्या हातात चमचा, त्याच्या पाठीनं ओठ दाबायचा. बँकॉकात साडेआठ झालेले असतात. वैशू तिथल्या हॉटेलात कामाला आहे, तिची बस पावणेनऊला.

"आबा, आ करा. बाबालालकाका, चमचा जरा खाली. उजेड येऊ द्या. आता डावीकडं. मागचं दिसंना. अजून मोठा आ करा, आबा."

ती दर शनिवारी तेच सांगते. पंधरा मिनिटं बापाचं तोंड उघडं आणि उघड्या तोंडानं बोलता येत नाही. पाहणी होईपर्यंत तिची बस येते. "छान हाय, आबा. पुढच्या शनिवारी," म्हणते आणि ठेवते. मग आबा तोंड मिटतात, ओठ पुसतात आणि बंद फोनकडं बघून म्हणतात, "आवाज जरा बसलाय तिचा. गारठा असंल तिकडं." बँकॉकात कसला गारठा!

मी एकदा म्हणालो, "आवं आबा, तोंड मिटून दोन शब्द बोला की लेकीसंगं."

"काय बोलू? दात बगायला फोन करती ती. दात दाखवावं."

माझीही एक लेक आहे, रेश्मा. खंडाळ्याला दिली आहे. बँकॉक नाही, इथला साताऱ्यापलीकडचा खंडाळा. सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस. पण एका जुन्या मोटारीवरनं व्याह्यांचं आणि माझं वाजलं, दोन वर्षं झाली. मान ठेवून बोलावल्याशिवाय मी जायचा नाही. असो. आबांचं सांगत होतो.

चार महिने भरले. बँकॉकच्या डॉक्टरनं निरोप धाडला, पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून पाठवा. आबा म्हणाले, इस्लामपुरातच काढू. मी म्हणालो, "न्हाई. मिरजंला." कारण माझ्या डोक्यात मिरज चार महिने ठणकत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना ते तीन फेऱ्यांचे?"

"त्योच. माणूस आणलाय. जरा उशीर झाला."

एक्स-रे निघाला. बाईंनी तो उजेडावर धरला. चारही स्क्रू हाडात उभे, फडात सरीवर ऊस उभा असावा तसे. "छान धरलंय हाडानं. चारही पक्के."

"खोडवा बी?" आबांनी विचारलं.

बाईंना ते कळलं नाही. मी म्हणालो, "पुढचं काम हितं हुतं का न्हाई, तेवढं सांगा."

"तिथल्या डॉक्टरांनी स्क्रूची माहिती आणि मापं पाठवली तर होईल. जरा किचकट आहे."

"किचकट ऱ्हाऊ द्या. हुतं का न्हाई?"

"होईल," बाई म्हणाल्या. "पण..."

पणच्या पुढचं मी ऐकलं नाही. मी आबांकडं वळलो. "ऐकलं का आबा? मिरजंत हुतंय!" असला सौदा मी जन्मात जिंकला नव्हता. दवाखान्याच्या पायरीवरनंच मी वैशूला फोन लावला. "आबांना यायचं काम न्हाई आता. हितंच बसत्यात दात. मी ठरवून टाकलंय."

पलीकडनं थोडा वेळ नुसता बाळाचा आवाज आला. मग वैशू म्हणाली, "हो का? बरं झालं काका. त्यांचा त्रास वाचला."

सांगली स्टँडवर एसटी बदलायची होती. शेजारी रसाचं गुऱ्हाळ होतं. मी जिंकलेला माणूस, दोन ग्लास सांगितले. आबा उसाचा रस प्यायले की पहिल्या घोटाला उतारा सांगतात आणि ऊस कुठल्या काठचा तेही सांगतात. गुऱ्हाळवाले त्यांना ओळखतात. त्या दिवशी आबांनी ग्लास संपवला आणि नुसता खाली ठेवला.

"उतारा?" गुऱ्हाळवाल्यानं विचारलं.

आबांनी ‘न्हाई’ म्हणून मान हलवली.

इस्लामपूरच्या एसटीत बसलो. आष्टा येईपर्यंत मी कळ काढली. मग माझं टाळकं सरकलं. "आवं, तुमच्यासाठी मी तिथं घसा फोडला आन् तुमी सुतक आल्यागत बसलाय! गावभर मिरजंला नावं ठिवलीसा. खोटं पडलासा म्हणून व्हय?"

"खोटंच हुतं ते," आबा म्हणाले.

"काय?"

"मिरजंत हुतंय, मला बी ठावं हुतं. बँकॉकचा डॉक्टरच म्हणला हुता, उरलेलं गावाकडं करता येईल का बगा. मीच वैशूला सांगितलं, न्हाई हुत."

"का पर?"

आबा खिडकीकडं बघत होते. "लेकीच्या दारात बापानं बिननिमित्त जाऊ न्हाई गड्या. बारशाला गेलो, ते निमित्त हुतं. जावयाची आई असती तितं. मानानं वागवती. पर उद्या इचारलं, पाहुणं कशापायी आलं, तर काय सांगू? करमंना म्हणून? आन् मला भेटायला ती दर खेपंला बाळ काढंल व्हय?"

"ती बोलावत न्हाई?"

"बोलावती की. ‘या की आबा कवाबी,’ म्हणती. ‘या की’ हे जाणाऱ्याला उंबऱ्यावर म्हणायचं असतं बाबालाल. ‘कवा येताय?’ म्हणलं की समजावं, ताट मांडलंय." मग खालच्या दातांवरनं जीभ फिरवत म्हणाले, "दात अर्धं ठिवून आलो हुतो. म्हणलं, दात आणायला जाता येतंय. कुणी इचारलं तर तोंड उगडून दाखवावं."

रेश्माही मला फोनवर म्हणते, ‘या की अब्बा.’

घरी आल्यावर शमशादला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "दुखणं तुमीच लावलंय. उतारा बी तुमीच काढा."

सोमवारी दुकान बंद ठेवून मी एकटा मिरजेला गेलो. बाई म्हणाल्या, "आता काय, दोन फेऱ्यांत करू म्हणता?"

"करूच नका म्हणतो."

"परवा माझ्याकडनं होतं म्हणून वदवून घेतलंत ना?"

"चूक झाली." हे दोन शब्द मी याआधी कुठल्या सौद्यात वापरलेले आठवत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. लेक, जावयाची आई, या की आणि कवा येताय.

बाईंनी चष्मा काढला. "मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं नगंच. परवा तुमी ‘पण’ म्हणला हुता. त्या पणच्या फुडचं मी ऐकलं न्हाई. तेवढं लिवून द्या."

त्या हसल्या. कागद ओढला आणि लिहिलं की काम इथं होण्यासारखं आहे, परंतु स्क्रू ज्यांनी बसवले त्यांच्याकडेच कायमचे दात बसवून घेणं रुग्णाच्या दृष्टीनं जास्त सोयीचं. मग थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी आवश्यक, शक्यतो मूळ डॉक्टरांकडे.

मी एक खेप मागायला गेलो होतो. बाईंनी दर वर्षीची दिली. मागितल्यापेक्षा जास्त मिळालं आणि मी वाद घातला नाही, असं तेव्हा एकदाच झालं.

शनिवार आला. आबा दाढी करून उंबऱ्यावर बसले, पण सदरा कालचाच होता. वैशूचा फोन आला. आबांनी आ केला, मी चमचा लावला आणि मग फोन चौकटीला टेकवून खिशातनं कागद काढून वाचला. एकदा वाचला. वैशू म्हणाली, "परत वाचा, काका." परत वाचला.

"म्हणजे आबांना यावंच लागंल?"

"डॉक्टरीणबाईचं मत हाय. मी काय बोलणार?"

तिनं तोंड बाजूला केलं. फोनमध्ये तिकडचा पंखा दिसत होता आणि पंख्याखाली पाळण्याची दोरी. मागनं बसचा भोंगा वाजला. वैशूनं तिकडं बघितलंही नाही. "जाऊ दे ती बस," ती म्हणाली. "आबा, कवा येताय?"

आबांचं तोंड उघडं होतं. माझा चमचा त्यांच्या ओठावर होता. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, ते मला कळलं नाही, वैशूला कळलं असावं. मी चमचा काढून घेतला, फोन आबांच्या कापत्या हातात दिला आणि माझ्या पायरीवर जाऊन बसलो. भिंतीपलीकडं आबा तोंड मिटून बोलत होते. बाळाला दात आला का, कुठला आला, वरचा का खालचा. अर्धा तास.

फोन झाल्यावर आबा माझ्या पायरीवर आले. आधी चवीनं ओठ पुसले. "उतारा चांगला हाय," म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं.

"बाबालाल, तुझं बरं हाय का रं?"

काय झालं कोण जाणे, मी तोंड उघडलं. आबांनी खिशातली बॅटरी काढली, वाकून वर बघितलं, खाली बघितलं. रस्त्यानं जाणारा दूधवाला थांबून बघायला लागला.

"समदं शाबूत हाय की गड्या. बत्तीसच्या बत्तीस."

"तेच तर दुखणं हाय आबा," मी म्हणालो.

आबांनी बॅटरी विझवली. मग परत पेटवली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि कितीतरी वेळ मागच्या बाजूला बघत राहिले.

"ह्यो शेवटचा जरा हलतोय वाटतं," ते म्हणाले. "खंडाळ्याकडं चांगला डॉक्टर असंल बग."

मी जिभेनं चाचपून पाहिलं. दाढ गोठ्यातल्या खुंट्यासारखी घट्ट होती.

"व्हय," मी म्हणालो. "दोन दिस झालं, हलतीय."